जनसंपर्कातला भरवसा कसा जमतो? अनुभव सांगा

"पीआरमध्ये आहे" म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे ओळखी भरपूर असणार!" असतातच. ओळखीचा पत्रकार फोनही उचलतो. पण तुमच्या शब्दावर विसंबून तो बातमी लावेल का, हा प्रश्न वेगळा. तर मंडळी, भरवसा कधी बसला, कधी पणाला लागला, ते प्रसंगानिशी लिहा. तत्त्वं नकोत, ती प्रत्येक कार्यशाळेत फुकट मिळतात. क्लायंटची नावं टाळा.

एजन्सीतली

मी लागले तेव्हा आमच्याकडे एकच रीत होती. प्रेस नोट तयार झाली की यादीतल्या झाडून सगळ्यांना धाडायची आणि मग "मेल मिळाली का?" असे फोन करत बसायचं. तेही संध्याकाळी, डेस्कवर पानं लावायची घाई असते नेमकं तेव्हा! आमच्या वरिष्ठ बाई या भानगडीत पडायच्या नाहीत. त्यांची एक वही होती. प्रत्येक पत्रकाराच्या नावापुढे त्याची बीट (म्हणजे तो कुठल्या विषयावर लिहितो), त्याची मीटिंग किती वाजता, फोन चालतो की फक्त मेसेज, आणि हल्ली त्याने काय लिहिलंय. नोट जायची ती मोजक्या चार-पाच जणांना, प्रत्येकाला वेगळ्या दोन ओळी लिहून.

एकदा एका वार्ताहर मुलीला बॅटरीच्या पुनर्वापरावर बोलणारा जाणकार हवा होता. आमच्या क्लायंटचे साहेब बोलायला एका पायावर तयार, पण विषय काही त्यांचा नव्हे. बाईंनी तिला सरळ सांगितलं, "आमच्याकडे यातलं कळणारं कुणी नाही. अमुक कंपनीत एक इंजिनिअर आहेत, त्यांना गाठ." ती अमुक कंपनी म्हणजे क्लायंटची थेट प्रतिस्पर्धी. मी हबकलेच. त्या मुलीने मात्र तेव्हापासून कुठलीही बातमी हाती घेतली की पहिला फोन बाईंना करायचा असा शिरस्ताच पाडला. पुढे ती दुसऱ्या वर्तमानपत्रात गेली, बाई दुसऱ्या एजन्सीत, मी तिसरीकडे. पण आमचं बोलणं अजून आहे. क्लायंटला हे कळलं असतं तर काय, असं बाईंना विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

कंपनीच्या आतून

मी एका कारखानदारीतल्या कंपनीत जनसंपर्क बघतो. एका दुपारी गोदामाला आग लागली. पंधरा मिनिटांत व्हिडिओ सगळीकडे. वकिलांचं म्हणणं, चौकशी होईपर्यंत चकार शब्द काढू नका. कारखान्याच्या व्यवस्थापकांचं म्हणणं, "किरकोळ आग" असं लिहा. खरं तर वकिलांची बाजू अगदीच चुकीची नसते. कारण काय, जबाबदार कोण यावर घाईने बोललेलं पुढे कोर्टात अंगाशी येतं. पण गप्प बसलं की ती जागा अफवा भरून काढतात.

शेवटी निवेदन गेलं ते चारच वाक्यांचं: गोदामाला आग लागली आहे. दोन कामगारांवर उपचार सुरू आहेत. आगीचं कारण अजून कळलेलं नाही. पुढची माहिती चार वाजता देऊ. "किरकोळ" शब्द मी खोडला, कारण ज्याचा माणूस दवाखान्यात आहे त्याला तो कसा वाचायला लागेल? आणि निवेदन बाहेर जाण्याआधी त्या दोघांच्या घरी फोन गेला, हे महत्त्वाचं.

चार वाजले तेव्हा सांगण्याजोगं नवीन काहीच नव्हतं. साहेब म्हणाले, मग राहू द्या. मी तरी पाठवलं: "नवीन माहिती नाही, आता सहाला." एका वार्ताहराने नंतर मला सांगितलं की त्याच्या संपादकांनी त्या चारच्या मेसेजनंतरच "कंपनी काय म्हणते ते बघून घ्या" असं सांगितलं.

अमेरिकेतलं १९८२ चं टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण आमच्या क्षेत्रात जपमाळेसारखं ओढलं जातं. शिकागो परिसरात कुणीतरी गोळ्यांत सायनाइड मिसळलं, सात जणांचा जीव गेला, ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. आमच्या कारखान्यात सायनाइड नाही, असं कंपनीने आधी सांगितलं होतं. ते चाचण्यांसाठी थोडं वापरलं जातं हे कळल्यावर तिने तसं मान्य केलं. ऐन वादळात आपलंच वाक्य फिरवायला छाती लागते.

आधी पत्रकार, आता पलीकडे

बातमीदार असताना मी पीआरवाल्यांना दोन खणांत टाकायचो: खोटं बोलणारे आणि "हे मला सांगता येणार नाही" म्हणणारे. दुसऱ्यांचे फोन मी रात्री अकरालाही उचलायचो. खोटं एकदा पकडलं की तो माणूस संपला. आणि न्यूजरूममध्ये अशी खबर पसरायला चहाची एक फेरी पुरते.

आमचा मूळपुरुष मानला जाणारा आयव्ही ली स्वतः आधी बातमीदार होता. १९०६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या अपघातानंतर त्याने पत्रकारांना लपवाछपवी न करता थेट जागेवर नेलं. त्याचे गोडवे गाताना हेही सांगायला हवं की हाच ली १९३० च्या दशकात जर्मनीच्या आयजी फार्बेन या नाझींशी लागेबांधे असलेल्या रसायन कंपनीचा सल्लागार झाला आणि १९३४ मध्ये त्याला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यावर जबाब द्यावा लागला. पत्रकारांशी संबंध कितीही चोख असोत, आपण कुणासाठी बोलतो हा हिशेब वेगळा लागतोच.

छोटी एजन्सी चालवणारी

वरच्या शेवटच्या वाक्यावरून. एक मोठा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरावीक फी, देणारा क्लायंट आला. त्याला बनावट खात्यांवरून प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वातावरण तापवून हवं होतं. "सगळेच करतात हो!" मी नाही म्हटलं, त्या तिमाहीत पगार द्यायला उशीर झाला. नैतिकतेची फुशारकी नाही मारत; धंद्याचा विचारही होता. बेल पॉटिंगर ही लंडनची केवढी बडी फर्म, पण दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाची आग भडकवणाऱ्या मोहिमेपायी २०१७ मध्ये तिच्या व्यावसायिक संघटनेने तिला बाहेर काढलं आणि त्याच महिन्यात ती दिवाळखोरीत गेली. तिचे बाकीचे क्लायंट तिच्यासाठी थांबले नाहीत, माझे कशाला थांबतील?

फक्त एक मुद्दा

क्लायंटच्या छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं मोजून त्यांची जाहिरातीच्या दराने किंमत काढणं बंद करा, राव! जनसंपर्काचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी ते मोडीत काढलंय. अहवालात अजून तोच रकाना दिसतो, कारण क्लायंटला मोठा आकडा आवडतो आणि आपल्याला द्यायला.

नवखा

सगळं वाचलं. मी मितभाषी आहे, पार्ट्यांत अवघडतो. या क्षेत्रात माझं काही होईल का? की उगाच आलो?

एजन्सीतली

अरे, आमच्या बाई कुठल्याच पार्टीत अर्ध्या तासावर थांबायच्या नाहीत. तू असं कर: तुझ्या क्लायंटच्या विषयावर लिहिणारे तीन पत्रकार निवड, त्यांचं महिनाभराचं लिखाण वाच, आणि एखाद्याला उपयोगी पडेल अशी माहिती पाठव, जिच्यात तुझ्या क्लायंटचं नावही नाही. उत्तराची वाट बघू नकोस. आणि वही घाल, फोनमध्ये नको. फोन बदलला की नोंदी जातात.

नवखा

घातली, ताई. पहिल्या नावापुढे "दुपारी तीननंतर फोन नको" एवढंच लिहिलंय सध्या.