वाळपई ते पणजी रोजचा प्रवास: मुलीसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?

प्रश्न: माझी मुलगी यंदा अकरावीत गेली असून ती रोज कदंब बसने वाळपईहून पणजीला जाते. वर्गात चार्जिंगची सोय नाही आणि पावसाळ्यात घरीही वीज वारंवार जाते. त्यामुळे हलका आणि दिवसभर चालणारा लॅपटॉप हवा आहे. काय पाहून निवड करावी?

उत्तर १: जाहिरातीतील तासांवर विसंबू नका, कारण ते बहुधा पडद्याचा उजेड कमी ठेवून, केवळ चलच्चित्र चालवून मोजलेले असतात. त्याऐवजी बॅटरीची क्षमता वॉट-तासांत (म्हणजे तिच्यात किती ऊर्जा साठते ते) पाहा आणि तिला वापराच्या वॉटने भागा. ५४ वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी ७ वॉट वापर असेल, तर साडेसात तासांहून थोडे अधिक मिळतात. खेळांसाठी बनवलेल्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात हाच वापर कितीतरी वाढतो. वजन १.४ किलोपेक्षा कमी असावे, आणि त्यात चार्जरचे वजनही धरावे.

उत्तर २: यूएसबी-सीवर चार्ज होणाराच घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. मग पुरेशा क्षमतेच्या पॉवर बँकेवरही काम भागते.

उत्तर ३: एआरएम प्रोसेसरचे (मोबाइलमध्ये असतो तशा, कमी वीज खाणाऱ्या प्रकारच्या प्रोसेसरचे) विंडोज लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत उत्तम आहेत, मात्र विद्यालयात लागणारी सॉफ्टवेअर त्यांवर चालतात का, हे शिक्षकांना आधी विचारावे. आणखी एक, आपल्याकडच्या पावसात बॅगेत पाणी शिरणार नाही असे आवरण घ्यायला विसरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्याच शिक्षकांना विचारतो.