मदत हवी आहे: तापीकाठ ते सातपुडा, फळमाशी आणि इतर कीटकांचं सर्वेक्षण कसं करावं?

गिलक्याचा मांडव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या मुलामुलींना घेऊन यंदा कीटकांचं सर्वेक्षण हाती घेतलंय. दक्षिणेला तापीच्या पात्रातल्या टरबूज-डांगराच्या वाड्या, मग केळीचा पट्टा, मध्ये मध्ये पेरू आणि भाजीपाला, आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचे गावठी आंबे नि बोरी. अंतर फार नाही, पण जमीन, पाणी, झाडोरा सगळं बदलत जातं. कीटकांची विविधता शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. सगळेच कीटक धरायचे तर काम हाताबाहेर जाईल, म्हणून मुख्य भर फळमाशीवर ठेवलाय. बहुतेक मुलं शेतकऱ्यांची आहेत, आणि पेरूत नाहीतर गिलक्यात अळी निघाली की घरात काय बोलणं होतं ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता अडचण. कृषी केंद्रात मिळतात ते मिथिल युजेनॉलचे (फळमाशीला वासानं ओढणाऱ्या आमिषाचे) सापळे पेरूच्या बागेत आणि बांधावरच्या मेहरूण बोरीला टांगले. दोन्हीकडे माशा भरपूर आल्या. तांबूस-तपकिरी अंग, पारदर्शक पंख, पंखाच्या टोकाशी एक छोटा गडद ठिपका. काही माशा मात्र पाठीवर काळ्या आहेत, त्यांच्या पंखाच्या वरच्या कडेला सलग काळी रेघ आहे आणि पोटावर टी अक्षरासारखी खूण.

त्याच बोरीखाली पडलेली बोरं आम्ही बरणीत ओलसर वाळूवर ठेवली, तोंडाला मलमल बांधली. बोर वरून धड दिसतं, देठाजवळ सुईच्या टोकाएवढा डंख असतो. फोडलं की बीभोवतीचा गर तपकिरी, भुसभुशीत, आणि त्यात पांढुरकी बिनपायाची अळी. काही दिवसांनी वाळूत कोष मिळाले आणि त्यातून जी माशी निघाली ती सापळ्यातल्या माशीसारखी अजिबात नाही. ती लहान, पिवळसर, पाठीवर काळे ठिपके, पंखांवर आडवे पट्टे. त्याच झाडाच्या सापळ्यात अशी एकही माशी नाही. गिलक्यातून निघालेल्या माशा आणखी निराळ्या: नारिंगी झाक, पाठीवर तीन पिवळ्या रेघा. त्याही सापळ्यात नाहीत.

मग सापळ्यातल्या माशा नेमकं काय सांगतात? बोरीसाठी वेगळं आमिष लागतं का? महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकावर जात ओळखता येईल की नमुने कुठे पाठवावे लागतील? शिवाय प्रकाश सापळ्यात रात्री ढीगभर पतंग, भुंगेरे, तुडतुडे येतात, पण फळमाशी नाही. तो चालू ठेवावा का? अहवाल नुसता कपाटात जाऊ नये, शेतकऱ्यांच्या उपयोगी पडावा, ही मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी वेळ काढून सांगावं.

---

पानझड

ताई, तुमच्या बरणीनं तुम्हाला सापळ्यापेक्षा जास्त सांगितलंय. मी धुळ्याला कीटकशास्त्र शिकलो, तेव्हापासून फळमाशीवरच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिथिल युजेनॉलला नर येतात, मादी नाही. आणि नरही सगळ्या जातींचे येत नाहीत. आपल्याकडे या वासाला मुख्यतः तीन जाती येतात: बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा. काळ्या पाठीची, टी खुणेची ती डॉर्सॅलिस, आंब्याची कुप्रसिद्ध माशी. तांबूस अंगाची, पंखाच्या टोकाशी ठिपका असलेली ती बहुधा झोनाटा. पण थांबा, करेक्टाच्या पंखावरही तसाच ठिपका असतो. चेहरा समोरून बघा. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन वेगळे काळे ठिपके असतात, करेक्टात ते जुळून आडवी काळी पट्टी होते. शिवाय करेक्टाची पाठ बरीच काळी असते. साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि बाजूनं चांगला उजेड असला की एवढं स्पष्ट दिसतं. मुलांना पहिल्याच दिवशी चेहरा बघायला शिकवा, पंखावर थांबू देऊ नका.

गिलक्यातली ती झ्यूगोडॅकस कुकुरबिटी, वेलवर्गीय भाज्यांची माशी. जुन्या पुस्तकांत ती बॅक्ट्रोसेरा कुकुरबिटी म्हणून सापडेल. झ्यूगोडॅकसला स्वतंत्र प्रजातीचा (म्हणजे जीनसचा, जातीचा नव्हे) दर्जा 2015 मध्ये मिळाला, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर मुलांचा गोंधळ होऊ देऊ नका. तिचे नर क्यू ल्युअर या दुसऱ्या आमिषाला येतात. तो सापळा गिलके, कारले, दोडक्याच्या मांडवात वेगळा लावा. दोन आमिषं एकाच डब्यात घालू नका आणि एकाच हातमोज्यानं हाताळूही नका, वास मिसळले की नोंद बिघडते. भोपळावर्गात डॅकस सिलिएटस नावाची आणखी एक माशी असते, तिच्या पाठीच्या कडांना पिवळ्या रेघा नसतात. ती या दोन्ही आमिषांना दाद देत नाही. बांधावरच्या रानतोंडलीची फळं गोळा करून बरणीत ठेवा, तिथे मिळण्याची शक्यता चांगली.

आणि बोरीची ती कार्पोमिया वेसुव्हियाना. तीही मिथिल युजेनॉलला किंवा क्यू ल्युअरला येत नाही. बोरीवरच्या सापळ्यात दिसलेले नर आसपासच्या बागांतून वासावर उडत आलेले पाहुणे आहेत. बोर किडवणारी माशी त्याच फांदीवर बसून अंडी घालत होती आणि तुमच्या सापळ्याला तिचा पत्ताही नव्हता. देशात कितीतरी सर्वेक्षणं फक्त मिथिल युजेनॉलवर होतात आणि त्यांच्या याद्यांत त्याच दोन-तीन जाती पुन्हा पुन्हा येतात, त्याचं कारण हेच. म्हणून सापळा आणि फळ, दोन्ही धरा. फळ सोडलंत तर विविधतेचा मोठा भाग हातातून जाईल.

जाता जाता एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. नर माशा सिट्रोनेला तेलाकडे ओढल्या जातात हे फ्रँक हॉवलेट यांनी बिहारमधल्या पुसा इथे काम करताना 1912 मध्ये नोंदवलं आणि 1915 मध्ये त्यामागचा मिथिल युजेनॉल हा घटक दाखवून दिला. जगभर आज वापरलं जाणारं आमिष आपल्याच देशात सापडलेलं आहे. तुळशीतही ते असतं, म्हणून अंगणातल्या तुळशीवर कधी कधी हे नर बसलेले दिसतात.

बरणीतून माशी निघाली की लगेच मारू नका. साखर-पाणी देऊन तीन-चार दिवस जगवा. अंगाचे रंग नीट चढल्याशिवाय ओळख पटत नाही, ताजी निघालेली माशी फिकी असते आणि सगळ्या सारख्याच वाटतात. प्रत्येक फळाचं वजन, झाडावरचं की पडलेलं, तारीख, गाव, अक्षांश-रेखांश लिहा. वाळूतून माशीऐवजी बारीक कंबरेची, लांब शेपटीसारख्या नळीची गांधीलमाशी निघाली तर फेकू नका. ती फळमाशीच्या अळीवर जगणारी परोपजीवी आहे, ब्रॅकोनिडी कुळातली. मला विचाराल तर सर्वेक्षणातला सगळ्यात मोलाचा नमुना तोच.

---

हतनूर कालवा

मॅडम, राम राम. मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. शास्त्रातलं फार कळत नाही, पण एक काळजी आहे, ती उघड बोलतो.

तुमच्या पट्ट्यात केळी आहे. केळीच्या बागेत सापळा लावला तर त्यात माशा पडतीलच. उद्या अहवालात "केळीत फळमाशी आढळली" असं छापून आलं तर माल परदेशी पाठवणाऱ्यांना ते महागात पडेल. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपानं आपला आंबा फळमाशीच्या कारणानं बंद केला होता, सोबत कारलं, वांगं, पडवळ आणि अळूही. आंब्यावरची बंदी 2015 च्या जानेवारीत उठली. एका हंगामाचं काय झालं ते आंबेवाल्यांना विचारा. तेव्हा सर्वेक्षण करा, मुलांना शिकवा, आमच्या शेतात या, चहा-पाणी आमच्याकडे. पण लिहिताना जपून लिहा.

आणि दुसरं, काम झाल्यावर आम्ही काय करायचं तेही सांगा. आमच्याकडे पेरूची थोडी झाडं आहेत. पावसाळ्यातला पेरू खाता येत नाही.

---

पानझड

भाऊ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला शास्त्राचाही आधार आहे. सापळ्यातला नर म्हणजे त्या पिकावरची कीड नव्हे. केळी आपण हिरवी, पक्व होताना काढतो आणि तशा घडात ही माशी सहसा वाढत नाही. बागेत पिकून फुटलेल्या केळ्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे ताई, दोन तक्ते वेगळे ठेवा: सापळ्यात काय आलं आणि फळातून काय निघालं. "यजमान पीक" हा शब्द फक्त दुसऱ्या तक्त्यात वापरा. केळीच्या तक्त्यात फळातून काही निघालं नाही, तर तेही ठळक लिहा. शेतकऱ्याला त्या ओळीची गरज आहे.

सापळ्यांचे आकडे गावागावांत ताडून बघायचे तर दर सापळा दर दिवस असं गणित करा. पाच सापळ्यांत सात दिवसांत 350 माशा पडल्या तर आकडा 10. नुसती एकूण बेरीज छापली तर जास्त सापळे लावणारं गाव उगाच बदनाम होतं. सापळा माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, फांदीच्या सावलीत टांगा आणि तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या माशा ओढून नेतात आणि हाती नुसते पंख उरतात. कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा चालेल, नाहीतर प्लायवुडचा ठोकळा अल्कोहोल, मिथिल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन यांच्या 6:4:1 मिश्रणात भिजवून बाटलीत टांगता येतो. मिश्रण मुलांच्या हाती देऊ नका, ते तुम्ही स्वतः हातमोजे घालून करा.

पेरूचं म्हणाल तर आंबिया बहाराची फळं पावसाळ्यात येतात आणि तेव्हाच माशीचा जोर असतो. शक्य असेल तर मृग बहार धरा. पडलेला पेरू एकही झाडाखाली राहू देऊ नका, कारण अळी त्यातून मातीत उतरते आणि तिथेच कोष करते. गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा खोल पुरा. झाडाखालची माती हलवली तर कोष उघडे पडतात. फळ सुपारीपेक्षा मोठं झालं की पिशवी चढवा. आणि सापळे एकट्या दुकट्या बागेत लावून भागत नाही, शेजारी मिळून लावले तर गुण येतो. बोरीलाही पडलेलं फळ उचलणं आणि माती हलवणं हाच मुख्य उपाय, तिथे सापळ्यावर पैसे घालवू नका.

---

अनेरच्या वर

थोडी भर घालते. प्रकाश सापळा बंद करू नका. फळमाशी दिवसा वावरते, म्हणून ती त्यात येत नाही. पण तापीकाठ आणि पायथा यांतला फरक दाखवायला तो आणि जमिनीत पुरलेले पेल्यांचे सापळे, गवतावर फिरवायची जाळी, पाणी घातलेली पिवळी ताटली हे सगळं हवं. अट एकच: प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ आणि सारखीच साधनं. पायथ्याला मुलं हौसेनं तीन तास फिरली आणि वाडीत अर्धा तास, तर जास्त जाती पायथ्याला सापडणारच, आणि त्या आकड्याला अर्थ राहणार नाही.

यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय एकही कीटक उचलू नका. पायथ्याच्या शेतांतच इतकं आहे की हद्दीबाहेर राहूनही काम होईल.

नमुने पक्क्या ओळखीसाठी बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडे पाठवण्याबद्दल आधी पत्र लिहून विचारा. डीएनए तपासायचा असेल तर काही माशा 95 टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवा, बाकीच्या टाचणीवर. चिकट पिवळ्या पट्टीवरच्या माशा ओळखीसाठी बाद समजा, डिंकानं सगळं खराब होतं.

---

गिलक्याचा मांडव

सगळ्यांचे मनापासून आभार. पानझड दादा, चेहरे आज बघितले. पेरूच्या सापळ्यातल्या बहुतेक माशांना दोन वेगळे ठिपके आहेत, काहींना सरळ पट्टी. मुलांनी दोन ढीग केले आणि पुढचा सगळा तास त्यांना कुणी हलवू शकलं नाही.

भाऊ, दोन वेगळे तक्ते करायचे हे नक्की. छापायच्या आधी केळीचा भाग तुम्हाला वाचायला देईन, तुम्ही म्हणाल तिथे थांबू.

एक शंका राहिली. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. तेव्हा परीक्षाही असतात. ते दोन महिने सापळे काढून ठेवले तर चालेल का?

---

पानझड

नका काढू, ताई. उन्हाळ्यात आकडा खाली जाईल, कदाचित शून्यही येईल, पण ते शून्य लिहून ठेवणं गरजेचं आहे. त्या काळात माशी पाणी असलेल्या, सावलीच्या बागेत आणि आंब्यावर तग धरते. झोनाटा कोरडी उष्णता डॉर्सॅलिसपेक्षा बरी सोसते, तेव्हा दोघींचं प्रमाण कसं बदलतं हेच खानदेशासाठी बघण्यासारखं आहे. पंधरा दिवसांतून एकदा सापळा रिकामा करायला दोन मुलं पुरतील, आणि आमिष ठरल्या वेळी बदला. पायथ्याचे गावठी आंबे तेव्हाच पडतात, त्यांच्या बरण्या मात्र चुकवू नका.

---

गिलक्याचा मांडव

ठरलं, वर्षभर चालू ठेवू. क्यू ल्युअर चोपड्यात मिळालं नाही, जळगावला बघते. रावेर किंवा शिरपूर बाजूला कुणाची बोरीची किंवा पेरूची बाग असेल आणि पडलेली फळं गोळा करून द्यायची तयारी असेल, तर इथेच लिहा. बरण्या आणि वाळू आम्ही आणून देऊ.