नाशिकचा मे: मोबाईलवर 39, भिंतीवर 43. नोंद कोणती धरायची?

पाथर्डीफाटा

मे महिन्याची 1 ते 31 अशी रोजची नोंद ठेवायची आहे. कमाल, किमान, दमटपणा, वारा आणि पडलाच तर पाऊस. घर नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ, मागे थोडी मोकळी जागा आहे.

उत्तरेच्या भिंतीला डिजिटल थर्मामीटर लावलाय. दुपारी चारला तो 43 दाखवतो, तेव्हाच मोबाईलवर 39 असतात. गच्चीवर नेला तर 46. उत्तरेला सावली असते म्हणून ती भिंत निवडली होती. यातलं खरं कोणतं? नोंद किती वाजता घ्यायची? आणि आणखी एक: मेच्या उत्तरार्धात आकडा उतरतो, पण उकाडा मात्र वाढल्यासारखा वाटतो, तो कशामुळे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वातकुक्कुट

43 आणि 46 हे भिंतीचं आणि गच्चीचं तापमान आहे, हवेचं नाही. मोबाईलचा आकडाही तुमच्या आवारातला नसतो, तो गणिताने काढलेला अंदाज असतो. त्यामुळे तो बरोबर धरून आपलं यंत्र त्याला जुळवायला जाऊ नका.

उत्तरेच्या भिंतीवर सावली असते हे हिवाळ्यापुरतं खरं. नाशिक साधारण 20 अक्षांशावर आहे. 20 मेच्या आसपास सूर्य इथे बरोब्बर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस) आणि पुढे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. मेच्या मध्यावर तो पूर्वेच्या वीस अंश उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या तितकाच उत्तरेला मावळतो. म्हणजे सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी तुमच्या भिंतीला तिरकं ऊन लागतं. चारच्या 43 चं कारण हेच. त्यात भिंत दिवसभर तापलेली, ती मागून शेकते.

थर्मामीटर मोकळ्या जागेत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर हवा. खाली गवत किंवा माती असावी, फरशी किंवा काँक्रीट नको. भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. घराच्या उंचीच्या दुप्पट अंतर मिळालं तर उत्तम. वेधशाळेत यासाठी पांढरी, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी असते. घरी तेच काम कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशांनी भागतं:

सारख्या मापाच्या सात बशा घ्या. वरच्या दोन अखंड ठेवा, मधल्या चारांना मधोमध सेन्सर मावेल एवढं भोक पाडा, सर्वात खालची पुन्हा अखंड. सगळ्या पालथ्या रचायच्या. कडेला तीन ठिकाणी आरपार छिद्रं पाडून लांब आटे असलेल्या सळया घाला आणि दोन बशांमध्ये पाऊण इंचाच्या पाइपाचे तुकडे ठेवा, म्हणजे वारा खेळतो. सेन्सर मधल्या पोकळीत लोंबता ठेवा, कुठल्याही बशीला टेकू देऊ नका. रंग द्यायचाच तर चकचकीत पांढरा द्या. चंदेरी रंग देऊ नका, तो उन्हात पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो.

आधी यंत्र तपासून घ्या. बर्फाचा चुरा भांड्यात दाबून भरा, तो भिजेल इतकंच पाणी घाला आणि सेन्सर पिशवीत गुंडाळून दहा मिनिटं आत ठेवा. 0 यायला हवं. 0.8 आलं तर प्रत्येक नोंदीतून 0.8 वजा करा. उकळत्या पाण्यात तपासून 100 ची वाट पाहू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं.

नोंदीची वेळ सकाळी 8:30, हवामान खात्याचीही तीच. त्या वेळी यंत्राने साठवून दाखवलेलं कमाल कालच्या दुपारचं असतं, म्हणून ते कालच्या तारखेखाली लिहायचं. किमान आजचं. लिहून झालं की लगेच रीसेट करा. दुपारी तीन-चारला रीसेट करू नका. यंत्र त्या क्षणाचा तापलेला आकडाच नवीन कमाल म्हणून धरतं आणि एकच तापलेली दुपार दोन दिवसांच्या खात्यात जाते. महिन्याची सरासरी बिघडायला अशा चार-पाच चुका पुरतात.

कृत्तिका_रोहिणी

उकाड्याच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण नाशिकच्या मेचं खरं गमक तिथेच आहे. इथला मे म्हणजे दोन वेगळे महिने आहेत आणि नुसतं कमाल तापमान लिहून ठेवलं तर ते दोन्ही सारखेच दिसतात.

पहिल्या पंधरवड्यात उत्तर-वायव्येकडचा कोरडा वारा असतो. आभाळ निरभ्र, दुपारी झळा, पण दमटपणा वीस टक्क्यांच्या आसपास आणि पहाट सुखाची. सूर्य कृत्तिकेत गेला (11 मेच्या सुमारास) की पश्चिमेचा वारा जोर धरू लागतो. तो समुद्रावरची वाफ घेऊन घाट चढतो. आधी इगतपुरी-त्र्यंबककडे जाणवतो, मग शहरात, आणि येवला-नांदगावकडे बऱ्याच उशिरा. रोहिणी लागेपर्यंत (25 मे) दुपारचा आकडा दोन-तीन अंश उतरलेला असतो, पण रात्र गार होत नाही.

हा फरक पकडायला ओल्या फडक्याचा थर्मामीटर लागतो. सारखे दोन थर्मामीटर शेजारी लावा, एकाच्या टोकाच्या फुग्यावर (बल्बवर) मलमलीचं स्वच्छ फडकं गुंडाळा आणि त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन मिनिटं वारा घालून मग वाचा.

कोरड्यावर 39 आणि दमटपणा 20 टक्के असेल तर ओला 22 दाखवतो. कोरड्यावर 36 आणि दमटपणा 45 टक्के असेल तर ओला 26.5 च्या जवळ जातो. म्हणजे पाऱ्याने तीन अंश उतरायचं आणि अंगाला साडेचार अंश चढल्यासारखं वाटायचं. घाम वाळण्याची मर्यादा ओला थर्मामीटर ठरवतो, कोरडा नाही. कूलरचंही तसंच. चांगली जाळी असलेला कूलर कोरड्या-ओल्यातला तीन चतुर्थांश फरक भरून काढतो: 39 च्या दुपारी तो 26 ची हवा देईल आणि 36 च्या दुपारी 29 ची. मेअखेरीस कूलर चालत नाही अशी तक्रार असते, त्यात बहुतेक वेळा कूलरचा दोष नसतो. अशा दिवसांत खिडकी उघडी ठेवून कूलर चालवा. बंद खोलीत तो दमटपणाच वाढवत राहतो.

नोंदवहीत किमानाला वेगळा रकाना हवाच. सुरुवातीला पहाटेचं किमान 21-22 असतं, अखेरीला 24 च्या पुढे सरकतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलांना दुपारपेक्षा न निवणारी रात्र जास्त बाधते. 40 च्या दुपारनंतर रात्रीचं किमान सरासरीपेक्षा साडेचार किंवा त्याहून जास्त अंशांनी वर गेलं, तर हवामान खातंही उष्ण रात्रीचा वेगळा इशारा देतं.

आता उष्णतेची लाट. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर, असा निकष आहे. तोही विभागातल्या दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. नाशिकची मेची सरासरी 38 च्या आसपास धरली तर इथे निकष बसायला साडेबेचाळीस लागतात. त्यामुळे 42 होऊनही बातमीत लाट नसते. मालेगावची सरासरीच मुळात वर आहे. ते गाव साधारण दीडशे मीटर खाली आहे, दीडेक अंश तिथेच वाढतो, आणि समुद्राचा वाराही तिथे उशिरा पोहोचतो. एकाच जिल्ह्यात मालेगाव 43 आणि इगतपुरी 36 असा दिवस नवलाचा नाही. म्हणून जिल्ह्याचं तापमान असा एक आकडा कुणी सांगितला तर कुठलं केंद्र ते विचारा.

द्राक्षवेल_दिंडोरी

वर बाष्पीभवनाचा उल्लेख राहिला. द्राक्ष बागायतदाराला पाऱ्यापेक्षा तोच आकडा (उघड्या भांड्यातलं पाणी दिवसात किती मिलिमीटर उडतं तो) कामाचा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवीन काड्यांसाठी वेल खरडून छाटतात ती) पहिले 40 दिवस दर एक मिलिमीटर बाष्पीभवनाला एकरी सुमारे 1700 लिटर पाणी धरतात. दिवसाला 9 मिमी असेल तर 15,300 लिटर. 9 बाय 5 फुटांच्या लागवडीत एकरी 968 वेली, म्हणजे वेलीला जवळपास 16 लिटर. हे पाणी सकाळी आणि संध्याकाळी विभागून द्या. भर दुपारी ठिबकच्या नळीतलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं.

40 दिवसांनंतर हेच प्रमाण मिलिमीटरमागे 550-600 लिटरवर आणायचं. पाणी तसंच चालू राहिलं तर शेंडा पळतो आणि सूक्ष्म घडनिर्मिती (काडीच्या डोळ्यात पुढचे घड तयार होणं) मार खाते. एप्रिलच्या मध्याला छाटलेल्या बागेत ही अवस्था नेमकी 25 मेनंतर येते, आभाळ भरू लागतं तेव्हाच. उन्हाचे तास कमी पडले की काडीत घड कमी. म्हणून नोंदवहीत ढगांचा रकाना ठेवा. आभाळाचे आठ भाग कल्पून सकाळी आणि दुपारी किती झाकलेत ते लिहिलं की पुरे.

पाथर्डीफाटा

खूप आभार. बशांची पेटी या आठवड्यात करतो. दोन शंका: ओल्या फडक्याला बोअरचं पाणी चालेल का? आणि वळवाचा पाऊस घरच्या घरी कसा मोजायचा?

वातकुक्कुट

बोअरचं नको. चार-पाच दिवसांत फडक्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो, फडकं कडक होतं, पाणी वर चढत नाही. मग ओला थर्मामीटर अंशभर जास्त दाखवतो आणि हवा उगाच दमट दिसते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, लिटरभर महिनाभर पुरतं. फडकं दर आठवड्याला बदला. नवीन कापडाची खळ आधी धुऊन काढा.

पावसासाठी सरळ, उभ्या भिंतींचा डबा घ्या. तोंडाचा आतला व्यास 16 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर होतं आणि 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिमी. औषधाच्या मापाने मोजता येतं. आत नरसाळं बसवा, नाहीतर मेच्या हवेत सकाळपर्यंत पाणी उडून जातं. डब्याचा काठ जमिनीपासून फूटभर वर असावा, झाडाची किंवा पागोळीची धार त्यात येऊ नये.

गारा पडल्या तर नरसाळ्यातून उसळून बाहेर जातात आणि आकडा कमी येतो. अडकलेल्या गारा वितळवायला मोजून 100 मिलिलिटर कोमट पाणी ओता आणि शेवटी तेवढं वजा करा. वळीव एका गल्लीत पडतो आणि पुढच्या गल्लीत नाही, तेव्हा शेजारच्या केंद्राशी आकडा जुळला नाही म्हणून आपला खोडू नका.

गिरणाकाठ

वळीव येण्याआधी काय दिसतं तेही लिहून ठेवा, ते कांदेवाल्यांच्या उपयोगाचं आहे. सकाळी आभाळ साफ पण पहाटेचा ओला थर्मामीटर 23 च्या वर, दुपारी एक-दीडला डोंगरांवर फुलकोबीसारखे ढग, तीनपर्यंत त्यांची उंची रुंदीपेक्षा जास्त, आणि मग वारा अचानक पडणं. हे चारही जुळले तर कांदा उघड्यावर ठेवू नका. पुढे धुळीचा गार झोत येतो, पारा पंधरा मिनिटांत आठ-दहा अंश कोसळतो, आणि तेव्हा ताडपत्री शोधायला वेळ उरत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. अंतर दहा किलोमीटरच्या, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आलं की शेतातून निघा. फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप असू द्या.

काढलेला कांदा 40 च्या उन्हात उघडा राहिला तर वरच्या बाजूने भाजतो आणि तो डाग चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) सडतो. म्हणून ओळीतल्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल असा पसरा, तीन-चार दिवस ठेवा, मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. ताडपत्री फक्त पावसापुरतीच. ऊन पडल्यावर तासभर जरी राहिली तरी आत घाम सुटतो. चाळीत दमटपणा 65 ते 70 टक्के मानवतो, त्यापुढे काजळी (काळी बुरशी) आणि कोंब. थर साडेचार-पाच फुटांपेक्षा उंच नको, आणि तळाखालून दोन फूट मोकळी हवा हवी.

2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोहोचला होता, म्हणजे रोहिणी लागता लागता. कांदा चाळीत घालायला मृगाची तारीख धरून बसू नका. पहाटेचा ओला थर्मामीटर सलग तीन दिवस 24 च्या वर दिसला की उरलेला माल सावलीत घ्या.