मावसभावाच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये पाच लाख घालावेत का?

हळदवाला_सांगली: आमची सांगलीत हळदीची अडत आहे. मावसभावानं पुण्यात मित्रांबरोबर दवाखान्यांसाठी अ‍ॅप काढलंय. नंबर लावणं, चिठ्ठी, रिपोर्ट सगळं मोबाइलवर. कंपनीसाठी पैसे उभे करायचा 'राउंड' चालू आहे, पाच लाख घाल म्हणतो. डिजिटल हेल्थमध्ये जगभर पैसा कसा वाढत गेला याचा २०२१ पर्यंतचा आलेखही दाखवला. मला हळदीचा भाव कळतो, यातलं ओ की ठो कळत नाही. आई म्हणते, घरचं पोरगं आहे, दे.

शेअरकट्टा: आलेख २०२१ लाच का थांबला ते विचारा. अमेरिकेत त्या वर्षी या धंद्यात साधारण २९ अब्ज डॉलर आले, २०२३ मध्ये पावणेअकराच्या आसपास. आपल्याकडं ऑनलाइन औषधं विकणाऱ्या फार्मईझीनं २०२१ मध्ये ६,२५० कोटींच्या आयपीओचे (लोकांना शेअर विकायचे) कागद सेबीकडं दिले आणि पुढच्या वर्षी मागे घेतले. कोरोनातली तेजी होती ती.

मिरजेची_काउंटरवाली: मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या काउंटरला बसते. आलेख राहू द्या, इथलं सांगते. आमचे बरेच पेशंट कर्नाटकातल्या अथणी, रायबागकडचे. आजीच्या हातात कॅरीबॅग, त्यात फाईल नि गुंडाळलेला एक्स-रे. मोबाइल पोराकडं, पोरगं रिक्षा लावायला गेलेलं, आणि ओटीपी त्याच मोबाइलवर! मागं रांग ओरडायला लागते. मग मी गपगुमान रजिस्टरात नाव लिहिते. अ‍ॅपला कन्नड येतं का, हे आधी बघा.

मागं एका कंपनीनं आम्हाला सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. पैसे मागायला लागले तसं डॉक्टरांनी बंद केलं. जुना डेटा मागितला तर नुसती टोलवाटोलवी.

म्हणून भावाला एकच विचारा, दुसऱ्या वर्षाचे पैसे किती डॉक्टरांनी भरले? फुकटवाले धरू नका. आभा नंबरला (सरकारी हेल्थ आयडीला) पेशंटच्या नोंदी जोडल्याबद्दल २०२३ पासून सरकारी प्रोत्साहन योजनेतून कंपन्यांनाही पैसे मिळायला लागले, ते कमाईत मिसळले असतील तर वेगळे काढायला लावा. योजना बंद पडली तर काय?

सगळंच टाकाऊ नाही हां. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागल्यापासून 'रिपोर्ट आला का' हे फोन जवळजवळ थांबलेत. असल्या कामाला आमचे डॉक्टर कुरकुर न करता पैसे मोजतात.

सीए_विश्रामबाग: द्यायचेच असतील तर भावाच्या खात्यावर नको, कंपनीच्या खात्यावर द्या. प्रायव्हेट लिमिटेडनं पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर दिले पाहिजेत, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत. नुसत्या शब्दावर दिलेत तर ते हातउसने. आणि हे शेअर हवे तेव्हा विकता येत नाहीत, गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावं लागतं.

हळदवाला_सांगली: ताई, विचारलं. अ‍ॅप निघूनच वर्ष झालेलं नाही, त्यामुळं दुसऱ्या वर्षाचं कुणी भरायचा प्रश्नच नाही म्हणाला. कन्नड 'पुढच्या व्हर्जनला'. आणि सीएसाहेब, कंपनीची नोंदणी अजून व्हायचीय! आईला सांगितलंय, हळदीचा सीझन होऊ दे, मग बघू.