करडईला नारळाचं माप नको
ताई, घरी साबण करताना खोबरेल तेलाचं कॉस्टिक सोड्याचं माप घाण्याच्या करडई तेलाला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको! ५०० ग्रॅम खोबरेलाला साधारण ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तेवढ्याच करडईला जेमतेम ६५ (दोन्हीत ५ टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असं धरून). जास्तीचा सोडा साबणात तसाच राहतो आणि कातडी भाजतो.

आमच्या लातूरकडं करडई घरचीच, म्हणून माझा साबणाचा पहिला घाणा निव्वळ करडई तेलाचा होता. आठ दिवसांनीही वडी बोटानं दबायची. पुढं तिच्यावर नारिंगी ठिपके आले, खवट वास सुटला. आता शेकडा १० च्या वर करडई घालत नाही, बाकी खोबरेल नि पामतेल.

बोअरच्या पाण्यात क्षार फार, डिस्टिल्डच घ्या. आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमला सोडा खाऊन टाकतो. गॉगल-हातमोजे घालून अंगणात करा, लेकरं लांब ठेवा. कापलेल्या वड्या ४ ते ६ आठवडे सावलीत वाळू द्या.