प्रेरणा टिकत नाही, की ती टिकण्यासाठी नसतेच?

अभ्यासिकेतला (सदाशिव पेठ)

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी पुण्यात राहतो. आमच्या अभ्यासिकेत प्रत्येक टेबलाला प्लायवूडचा आडोसा असून त्याच्या आतल्या बाजूला यशस्वी अधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि उमेद वाढवणारी वाक्ये चिकटवलेली असतात. एखादे व्याख्यान ऐकून आल्यावर दोन-तीन दिवस पहाटे आपोआप जाग येते. त्यानंतर मात्र तेच पुस्तक उघडायचे जिवावर येते. प्रेरणा म्हणजे नेमके काय आणि माणूस घडण्यात तिचा वाटा खरोखर किती असतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

हिंगणेकर

मी ज्या कर्वेनगरात राहतो, तिथलेच उदाहरण देतो. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, हलवल्यावर दिवसा महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जाऊन ते आश्रमातल्या मुलींना शिकवत. अशी वर्षे गेल्यावर तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये त्यांनी आपल्याकडचे पहिले महिला विद्यापीठ सुरू केले.

तीच पुस्तिका दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती, तर परदेशातली एक चांगली बातमी म्हणून वाचून बाजूला ठेवली गेली असती. विधवांचे आणि मुलींचे शिक्षण कुठे अडते हे कर्व्यांना रोजच्या अनुभवातून ठाऊक होते, म्हणूनच त्या पानांत त्यांना आपल्या कामाची पुढची पायरी दिसली. प्रेरणा कामाच्या आधी येते असे आपण धरून चालतो, पण माझ्या मते ती बहुधा काम करणाऱ्यालाच भेटते आणि त्याला दिशा देते. रोज हिंगण्यापर्यंत चालण्याचे बळ त्या पुस्तिकेने दिलेले नव्हते. ते चालणे तिच्या कितीतरी आधीपासून सुरू होते.

षड्ज

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण सुरुवातीच्या ठिणगीला इतके कमी लेखू नये असे वाटते. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून भारावलेले भीमसेन जोशी अगदी लहान वयात गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, तेव्हा त्यांच्यामागे कसलीही तपश्चर्या नव्हती.

मी गाणे शिकवते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव झाला की क्लासला नवे विद्यार्थी येतात. त्यांच्या डोळ्यांतली चमक खरी असते आणि मला तिचे मोल वाटते. त्यानंतर खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा लावून बसायचे, एकच पलटा (ठरावीक क्रमाची स्वरावली) आधी विलंबित लयीत आणि मग दुप्पट लयीत घोटायचा, हे सुरू झाले की निम्मे गळतात. जे टिकतात त्यांच्यात एक बदल मी फार जवळून पाहिला आहे: एके दिवशी विद्यार्थी मध्येच थांबतो आणि मी काही बोलण्याआधी म्हणतो, ‘निषाद उतरला ना?’, म्हणजे ‘नी’ हा स्वर जागेवरून खाली गेला ना? स्वतःची चूक स्वतःच्या कानाला कळली की पुढचा रियाज त्याला सांगावा लागत नाही. महोत्सवाने त्याला दारापर्यंत आणलेले असते, आता त्याला स्वरच बसवून घेतो. ही दुसरी प्रेरणा पहिलीइतकी झगझगीत नसते, परंतु माणूस वाढतो तो हिच्या जोरावर.

मानसशास्त्राचा विद्यार्थी

थ्रॅश आणि एलियट या मानसशास्त्रज्ञांनी या विषयाची जी मांडणी केली, त्यात एखाद्या गोष्टीने भारावून जाणे आणि काही करण्यास प्रवृत्त होणे, या दोन बाजू वेगळ्या मानल्या आहेत. ठरवून प्रेरित होता येत नाही, हेही ते सांगतात. व्याख्यानातून आपल्याला पहिली बाजू मिळते. दुसरी मिळण्यासाठी आपल्याला नेमके काय करून दाखवायचे आहे, हे डोळ्यांसमोर असावे लागते. ‘अधिकारी व्हायचे आहे’ हे पदाचे उत्तर झाले. त्या पदावर बसून कोणते काम करावेसे वाटते?

अभ्यासिकेतला (सदाशिव पेठ)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. शेवटच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे प्रकरण मी कधी ओढूनताणून वाचलेले नाही, हे त्यामुळे प्रथमच ध्यानात आले. आमच्या गावची ग्रामसभा बहुतेक वेळा केवळ कागदावर भरते आणि १९९३ पासून हा कायदा लागू असूनही असे का घडते, याचे उत्तर मी त्या पानांत शोधत असतो. गावच्या पंचायतीचे अंदाजपत्रक मिळवून ते त्या तरतुदींशी ताडून पाहावे असे आता मनात आहे. परीक्षा जवळ असताना एवढा वेळ त्यात घालवणे योग्य ठरेल का, हे यातून गेलेल्या कुणी सांगितले तर फार मदत होईल.