मदत हवी आहे : कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमार्गे हायस्कूलमध्ये इतिहास शिकवण्याची तयारी

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात राहते आणि येथील सार्वजनिक हायस्कूलमध्ये इतिहास शिकवता यावा म्हणून सध्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात) शिकत आहे. ज्यांनी हा मार्ग पत्करला आहे किंवा जे येथे शिक्षक आहेत, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

शिवाजी विद्यापीठातून मी इतिहास विषय घेऊन तीन वर्षांचे बी.ए. केले आहे. येथे पदवीचे मूल्यमापन करून घेतले तेव्हा, ते अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचे नसून तीन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण समजावे, असा अहवाल आला. माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठी 'सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियल' (एक विषय शिकवण्याचा परवाना) लागते आणि त्यासाठी आधी पदवी हवी, त्यामुळे ती पूर्ण करण्यावाचून गत्यंतर नाही.

पहिला प्रश्न याच संदर्भातला आहे : पुढील दोन मार्गांपैकी कोणता घ्यावा? इतिहासातील 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' (पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठीची दोन वर्षांची पदवी) केल्यास ६० सेमिस्टर युनिट्स (श्रेयांक) होतात, राज्यातील रहिवाशांना फी युनिटमागे ४६ डॉलर पडते आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कोणत्या ना कोणत्या कॅम्पसमध्ये प्रवेशाची हमी मिळते. दुसरा मार्ग म्हणजे भारतातील युनिट्स दाखवून, इंग्रजी लेखन, वक्तृत्व, तर्कविचार आणि गणित-संख्याशास्त्र हे चार सक्तीचे विषय तेवढे येथे पूर्ण करून थेट ट्रान्सफरसाठी अर्ज करणे. यात वेळ वाचेल. पण माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे. येथे दहावीत आधुनिक जगाचा इतिहास, अकरावीत अमेरिकेचा इतिहास आणि बारावीत शासनव्यवस्था व अर्थशास्त्र शिकवतात, आणि सोशल सायन्सच्या शिक्षकाच्या वाट्याला यांपैकी काहीही येऊ शकते. मराठ्यांचा इतिहास आणि आधुनिक भारत यांवर माझी पकड असली, तरी अमेरिकेची राज्यघटना वर्गासमोर उभे राहून समजावून सांगण्याइतकी तयारी अजून नाही, आणि ती नसताना मुलांपुढे उभे राहणे मला पटत नाही.

या सत्रात एथ्निक स्टडीजच्या (अमेरिकेतील वांशिक समूहांच्या अभ्यासाच्या) वर्गात आम्ही १९२३ चा भगतसिंग थिंड खटला वाचला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या या पंजाबी माणसाला, तो 'सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे' गोरा ठरत नाही म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. प्राध्यापकांनी आधी काहीच न सांगता निकालपत्राचे एक पान हाती दिले आणि न्यायालयाने कोणता युक्तिवाद मान्य केला व कोणता डावलला, ते पेन्सिलीने खुणा करून शोधायला लावले. आमच्याकडे टिपा उतरवून घेऊन इतिहास शिकलेल्या मला ही पद्धत फार मोलाची वाटली आणि अशाच रीतीने शिकवायचे, हे मनाशी पक्के झाले.

दुसरा प्रश्न विषयज्ञान सिद्ध करण्याचा. पूर्वी यासाठी सीसेट परीक्षा किंवा मान्यताप्राप्त ठरावीक अभ्यासक्रम हेच मार्ग होते. २०२१ च्या कायद्याने त्यात पदवीचा मुख्य विषय किंवा इतर पदवी-अभ्यासक्रम यांच्या आधारेही ते सिद्ध करण्याची सोय झाली. सोशल सायन्ससाठी परीक्षेचे तीन भाग आहेत आणि तिसऱ्यात नागरिकशास्त्र व अर्थशास्त्राबरोबर कॅलिफोर्नियाचा इतिहासही येतो. ज्यांनी अभ्यासक्रमांचा मार्ग घेतला, त्यांना कम्युनिटी कॉलेजमधील भूगोल आणि अर्थशास्त्राचे कोर्स ग्राह्य धरून मिळाले का? त्यासाठी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेवावा लागला का?

तिसरा प्रश्न वर्गातील अनुभवाचा आहे. बदली शिक्षक म्हणून काम करायलाही साधारणपणे पदवी लागते, त्यामुळे तूर्त माझ्यापुढे दोनच वाटा आहेत : हायस्कूलमध्ये 'एव्हिड' या, मुलांची महाविद्यालयासाठी तयारी करून घेणाऱ्या कार्यक्रमाची ट्यूटर होणे, किंवा विशेष शिक्षणाच्या वर्गात मदतनीस म्हणून रुजू होणे. पहिल्या कामात मुलांना प्रश्न विचारत विचारत उत्तरापर्यंत नेण्याचा सराव होतो, तर दुसऱ्यात रोज पूर्ण वेळ शाळेत राहता येते. क्रेडेन्शियल कार्यक्रमाच्या मुलाखतीत आणि पुढे प्रत्यक्ष वर्ग सांभाळताना आपल्याला यांपैकी कशाचा अधिक उपयोग झाला?

पुढील सत्राचे विषय निवडण्यापूर्वी समुपदेशकांची वेळ घ्यायची आहे. त्यांच्याशी बोलताना आणखी कोणत्या गोष्टी विचारून घ्याव्यात, हेही कृपया सुचवावे.